इमामाच्या मागची जागा

शुक्रवारी सकाळी थोरला बायकोला घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच अम्मीने ओळखलं की हा भेटायला आलेला नाही. सहज भेटायला आलेला मुलगा चपला कशाही भिरकावून आत येतो. थोरल्याने आपल्या आणि बायकोच्या चपला भिंतीला टेकवून जोडीने ठेवल्या, खाकरला आणि मग उंबरा ओलांडला. लहानपणी काही फोडून ठेवलं की तो असाच शहाण्यासारखा वागायचा.

"अब्बा कुठे आहेत?"

"आंघोळीला. बसा."

"आणि आपा?"

"आत आहे. तिच्या मध्ये मध्ये करू नकोस, कामात आहे."

काम कसलं ते अम्मीने सांगितलं नाही. गेली दोन वर्षं ते या घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं, निदान तिघांना तसं वाटत होतं. आतल्या खोलीत लेक, दोघा भावांची थोरली आपा, टेबलापाशी बसून अब्बांचं आजचं बयान, म्हणजे मशिदीतलं प्रवचन, मोठ्या अक्षरांत उतरवत होती. एका पानावर आठच ओळी, कारण नवव्या ओळीला अब्बांची नजर घसरायची. नमाजीआधीचा ठराविक अरबी खुतबा अब्बांना तोंडपाठ होता. चाळीस वर्षं मिंबरवर, इमामाच्या पायऱ्यांच्या व्यासपीठावर, उभं राहून ते तोच म्हणत आले होते. पण त्याआधी लोकांना कळेल अशा भाषेत वीस मिनिटं बोलावं लागे, आणि ते बोलणं आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. एका शुक्रवारी शेजाऱ्याच्या हक्कांवर बोलता बोलता ते स्वतःच्या आईच्या आजारपणात शिरले आणि बाहेरच येईनात. पुढच्या आठवड्यापासून लेक लिहून देऊ लागली. लोक म्हणायला लागले, इमामसाहेब म्हातारपणी काय सुरेख बोलतात! अब्बा ते कौतुक मान खाली घालून ऐकून घ्यायचे. हे माझ्या लेकीचं आहे, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणा, असं लेकीनेही कधी म्हटलं नाही.

अब्बा दाढीचं पाणी टिपत बाहेर आले. सुनेने उठून सलाम केला. त्यांनी मान हलवली आणि मुलाला विचारलं, "आज काय आहे?"

"शुक्रवार आहे, अब्बा."

"शुक्रवार मला कळतो. तू का आलास ते विचारतोय."

एवढ्यात धाकटाही आला. वेल्डिंगच्या दुकानातून तसाच उठून आलेला, सदऱ्याला ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं, डोळे लाल. त्याला थोरल्याने बोलावलं होतं हे अम्मीला त्याच्या तोंडावरूनच कळलं. म्हणजे आधीच ठरवून आलेत दोघं. धाकटा आजवर बापाच्या बाजूचा होता. आता तोही फुटला.

"काल घड्याळवाले घरी आले होते," थोरला म्हणाला.

घड्याळवाले म्हणजे मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि बयान एक मिनिट लांबलं की पहिल्या सफेत, म्हणजे रांगेत, बसून मनगट वर करून बघायची त्यांना खोड होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, महिन्याभरात दोनदा झालं. एकदा तुम्ही दोनाऐवजी एका रकातीनंतरच सलाम फिरवून नमाज संपवलीत. एकदा दोन झाल्यावरही तिसऱ्या रकातीला उभे राहिलात. माणसं कुजबुजायला लागलीत. आज पुन्हा काही झालं तर दुसरी सोय बघावी लागेल."

"दुसरी सोय म्हणजे तू."

"मी असं कुठे म्हटलं?"

"तू कशाला म्हणशील? तू गप्प बसतोस आणि दुसऱ्यांकडून म्हणवून घेतोस. लहानपणापासूनची सवय आहे तुझी."

"अब्बा, आम्ही तुमच्या तब्येतीसाठीच बोलतो," सून मध्ये पडली. "या वयात माणसाने आराम करावा. लोकांनी हसावं असं का होऊ द्यायचं?"

"लोक हसतात का? मला नाही ऐकू आलं."

"तुम्हाला ऐकू येणार नाही अशा बेतानेच हसतात."

अम्मीने सुनेकडे असं बघितलं की सुनेने पदर सारखा करून तोंड मिटलं. पण धाकट्याने मग बोलायला सुरुवात केली, आणि तो बोलतो तेव्हा आडपडदा ठेवत नाही.

"अब्बा, सोडा आता. मागच्या आठवड्यात तुम्ही मशिदीतून निघालात ते बाजारापलीकडच्या बसथांब्यावर सापडलात. मी दोन तास गल्ल्या धुंडाळत होतो. तुम्ही मला विचारलंत, तू कुणाचा?"

"गंमत केली असेल."

"गंमत नव्हती ती."

"म्हणजे तूही त्याच्या बाजूने."

"मी कुणाच्याच बाजूने नाही. मी दमलोय."

अब्बा खुर्चीत बसले. त्यांच्याकडे बघून अम्मीला वाटलं, आता हा माणूस रागावेल, आणि रागावला तर बरं. पण ते नुसते दोन्ही मुलांकडे आळीपाळीने बघत राहिले. मिंबर सुटलं की हा माणूस या खुर्चीतच उरणार, हे तिला दिसत होतं. सकाळी उठून हातपाय धुऊन वजू कशासाठी करायची, कपड्यांना इस्त्री कशासाठी, आठवड्यात शुक्रवार कुठला आणि मंगळवार कुठला, सगळं एका फटक्यात जाणार. आणि मग दिवसभर ते तिलाच विचारत बसणार. तिची माया होती ती होतीच, पण थोडी धास्तीही होती. ती तिने स्वतःशी कबूल केली.

"आजची नमाज तेच पढवतील," ती म्हणाली. "आणि तू बरोब्बर त्यांच्या मागे उभा राहशील. अडले तर लुकमा द्यायचा."

लुकमा म्हणजे खरं तर घास. नमाज चालू असताना इमाम कुराणातल्या सूरेची, म्हणजे अध्यायाची, एखादी आयत, एखादी ओळ विसरला, तर मागच्याने पुढचा शब्द उच्चारून त्याला वाट दाखवायची, त्यालाही लुकमाच म्हणतात. नमाजीत कुणाला कुणाशी बोलता येत नाही. हे एवढंच चालतं, आणि म्हणून इमामाच्या मागच्या जागेवर जाणता माणूस उभा करतात. अब्बा स्वतः त्यांच्या वडिलांच्या मागे अकरा वर्षं उभे होते.

"देशील ना?"

"अम्मी, हे काय विचारणं झालं? देईनच."

"सगळ्यांसमोर म्हण."

"देईन. बस?"

लेक कागद घेऊन बाहेर आली. तिने ते अब्बांच्या हातात दिले आणि हळूच म्हणाली, "अब्बा, आज लहान सूरा घ्या. दोन लहान सूरा, पाच मिनिटांत नमाज संपेल."

"मी मोठी घेणार आहे. माझे वडील घ्यायचे ती."

"तीच नको. त्यात तीच ओळ फिरून फिरून येते. पट्टीचे पाठांतरवालेसुद्धा तिथे चकतात."

"ती तुला मी शिकवली. तू मला शिकवू नकोस."

अब्बांना अडवण्याची ती शेवटची संधी होती, आणि तिथे थोरल्याने मान खाली घालून नखं बघितली.

*

बायकांची खोली मशिदीच्या वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला. पुढे कठडा आणि कठड्यावर जाड हिरवा पडदा. लेक नेहमी पडद्याला लागून बसायची, कारण तिथून खालचं सगळं ऐकू यायचं. लोक कुठे खोकतात, कुठे श्वास धरतात, तिची कुठली ओळ लागली आणि कुठली फुकट गेली.

आज सगळ्या लागल्या. विषय होता राग गिळण्याचा. अब्बा कागदावरून वाचत होते, पण वाचल्यासारखं वाटत नव्हतं. ओळीच्या शेवटी थांबायचे, समोर बघायचे. "घराबाहेर राग गिळणं सोपं आहे," ते म्हणाले, "बाहेर आपल्याला भीती असते. घरात भीती नसते, म्हणून घरातच आपण जनावर होतो." खाली चारशे माणसं गप्प होती. शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "किती खरं बोलतात तुझे अब्बा." लेक म्हणाली, "हो ना."

अब्बांनी मिंबरवर राहावं असं तिला मनापासून वाटत होतं, पण ते सगळंच काही अब्बांसाठी नव्हतं. लग्न मोडून परत आल्यापासून तिला या घरात जागा होती, जेवण होतं, शेजारच्या मुलींना कुराण शिकवायची मुभा होती. आवाज मात्र नव्हता. भावंडांत सगळ्यात आधी कुराण तिने पाठ केलं होतं, थोरल्याच्या चार वर्षं आधी, आणि तिच्या वेळी घरात कुणी पेढेसुद्धा वाटले नव्हते. अब्बांच्या तोंडून का होईना, तिची वाक्यं आठवड्यातून एकदा चारशे माणसांच्या कानावर पडत होती. अब्बा उतरले की तीही उतरणार होती.

पहिला अरबी खुतबा झाला. अब्बा मध्ये क्षणभर बसले, पुन्हा उठले, दुसरा खुतबाही बिनचूक झाला. अम्मीने लेकीचा हात दाबला. खाली सफा उभ्या राहिल्या.

*

थोरल्याच्या समोर अब्बांच्या टाचा होत्या. भेगा पडलेल्या, धुऊन स्वच्छ केलेल्या. पहिली रकात सुरळीत गेली. अब्बांनी सूरेचा पहिला भाग घेतला, आवाज भरदार, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. थोरल्याला वाटलं, झालं, आजचाही दिवस गेला. असं वाटल्याबरोबर त्याला स्वतःची जी निराशा जाणवली, तिचा त्याला धक्का बसला.

सात वर्षं मदरशात काढून, सनद घेऊन तो परत आला होता. त्यालाही आता पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षं तो मुलांना अक्षरं गिरवायला शिकवत होता, आणि लोक त्याला अजून इमामसाहेबांचा मुलगा म्हणत होते. त्याच्यापेक्षा लहान वयाची माणसं दुसरीकडे मिंबरवर चढली होती. घरी बायको रोज विचारायची नाही, पण तिच्या न विचारण्यातही तेच असायचं.

दुसऱ्या रकातीत ती ओळ आली आणि अब्बा पुढे जायच्या ऐवजी मागे गेले. म्हणून झालेल्या आयती त्यांनी पुन्हा म्हटल्या, पुन्हा त्या ओळीपाशी आले आणि पुन्हा मागे वळले.

पुढचा शब्द थोरल्याच्या जिभेवर होता. पहिल्या फेरीला तो थांबला ते नियमाने. घाई करू नये, इमामाला स्वतःला सावरू द्यावं, असंच शिकवतात. दुसऱ्या फेरीला त्याने तोंड उघडलं. डावीकडे घड्याळवाले उभे होते, आणि त्यांनी श्वास रोखलेला त्याला ऐकू आला. त्यांच्याही लक्षात आलं होतं. मग थोरल्याने तोंड मिटलं. एक शब्द, एवढंच करायचं होतं. तो म्हटला की अब्बा पुढे जातील, नमाज पार पडेल, आणि पुढचा शुक्रवार, त्याच्या पुढचा, आणखी पाच वर्षं, तो याच टाचा बघत उभा राहील.

तिसरी फेरी सुरू झाली. अब्बांना कळतच नव्हतं. ते निवांत, गोड आवाजात त्याच वर्तुळात फिरत होते.

तिसऱ्या सफेत धाकटा उभा होता. त्याला ही सूरा पाठ नव्हती, पण भावाची मान पाठ होती. खोटं बोलताना थोरल्याची मान जशी ताठ व्हायची तशी ती आता झाली होती. याला येतंय, धाकट्याच्या डोक्यात आलं. याला येतंय आणि हा देत नाहीये. अब्बांनी सोडावं असं त्यालाही वाटत होतं, पण असं नाही. चारशे माणसांत उघडं पाडून नाही. त्याने ओरडायला तोंड उघडलं आणि काय ओरडायचं तेच त्याला येईना.

तेवढ्यात वरून टाळी वाजली.

इमाम चुकला तर पुरुषांनी तोंडाने सुचवावं आणि बायकांनी न बोलता एका हाताच्या पाठीवर दुसरा हात मारावा, असा नियम आहे. ती टाळी नियमातली होती. अब्बा थांबले. आपण चुकलो एवढं त्यांना कळलं, काय चुकलं ते कळलं नाही. टाळीत शब्द नसतो. लाऊडस्पीकरमधून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येऊ लागला. तो लांबला, फाटला, आणि बाहेर रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज मशिदीत शिरले. अजून वेळ होती. थोरल्याला अजूनही बोलता आलं असतं.

मग पडद्यामागून बाईचा आवाज आला. स्वच्छ, न कापणारा. तिने पुढची अर्धी आयत म्हटली आणि थांबली.

अब्बांनी ती उचलली. धरून चालायला काठी मिळावी तशी उचलली, आणि शेवटपर्यंत न अडखळता गेले.

*

सलाम फिरताच कल्ला झाला. "बाईचा आवाज!" कुणी म्हणालं, नमाज गेली, परत पढायला हवी. कुणी म्हणालं, मग काय इमामाला तिथेच मरू द्यायचं होतं? घड्याळवाले उठून उभे राहिले, दोन्ही हात वर केले.

"निकाल इमामसाहेब देतील," ते म्हणाले. "अजून तेच इमाम आहेत."

अब्बा लोकांकडे तोंड करून बसले होते. चेहरा पांढरा पडलेला, पण नजर आज स्वच्छ होती. "नमाज झाली," ते म्हणाले. "शब्द बरोबर होता. मी तो घेतला. चूक माझी होती, घरी जा."

वर पडद्याला कान लावून लेक उभी होती. तिला आणखी एक वाक्य हवं होतं. शब्द माझ्या मुलीचा होता, असं चार शब्दांचं वाक्य. चारशे माणसांना आवाज कुणाचा ते माहीत होतंच. अब्बांनी ते म्हटलं नाही. बायका तिच्यापासून थोड्या सरकल्या. मघाशी डोळे पुसणारी शेजारीण म्हणाली, "अगं, टाळीपर्यंत ठीक होतं."

*

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजीनंतर, घड्याळवाले घरी आले. एकटेच. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी घेतलं नाही.

"इमामसाहेब, तुमच्या वडिलांमागे माझे वडील नमाज पढले. तुमच्यामागे मी पढलो. मला हे बोलायला लावू नका."

"बोलू नका," अब्बा म्हणाले. "मी उतरलो. आज वाचता वाचता मला इतकं छान वाटत होतं की मी किती वेळा फिरलो ते कळलंच नाही. असा माणूस पुढे उभा राहू नये."

अम्मीने तोंडाला पदर लावला. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा होता. हे इतक्या सहज होईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि आता झाल्यावर त्याला कुणाचे तरी दात पाडावेसे वाटत होते.

"मग प्रश्न पुढचा," घड्याळवाले म्हणाले आणि थोरल्याकडे वळले. "तुम्ही मागे होतात. लुकमा का दिला नाहीत?"

थोरल्याने उत्तर तयार ठेवलं होतं. "गरज नव्हती. तीन आयतींपेक्षा जास्त वाचन झालं होतं. अब्बा वाचन थांबवून तिथेच वाकले असते, रुकूत गेले असते, तरी नमाज पूर्ण होती. उगाच लुकमा देऊ नये असं आम्हाला शिकवलंय."

"ते मला माहीत आहे. ते गेले नाहीत ना रुकूत?"

"मला वाटलं, जातील."

"तीन फेऱ्या?"

थोरल्याने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"माझा प्रश्न साधा आहे," घड्याळवाले म्हणाले. आवाजात राग नव्हता, बिघाड कुठे आहे ते शोधणाऱ्याचा थंडपणा होता. "कमिटीत मला सांगावं लागेल. पुढचा शब्द तुम्हाला येत होता का? येत नसेल तर तसं सांगा, माणूस विसरतो. पण मग मला बाहेरचा इमाम बघावा लागेल. एकाला विसरतो म्हणून उतरवून दुसऱ्या विसरणाऱ्याला चढवता येत नाही."

सगळ्यांना कळलं होतं. विसरलो म्हटलं तर थोरला घरात मुलगा राहणार होता आणि मिंबर दोन पिढ्यांनंतर घराबाहेर जाणार होतं. येत होता म्हटलं तर मिंबर मिळणार होतं. अम्मी त्याच्याकडे बघत होती. विसरलो म्हण, तिचे डोळे सांगत होते, बाळा, विसरलो म्हण. सून जमिनीकडे बघत होती, आणि तिने एकदाच, अगदी किंचित, मान हलवली.

"येत होता," थोरला म्हणाला.

धाकटा चार पावलं चालत आला, भावाच्या समोर उभा राहिला, आणि अब्बांनी हात वर केला म्हणून तिथेच थांबला. "यापुढे माझ्या दारात येऊ नकोस," तो म्हणाला. मग चपला घालून निघून गेला. जिना उतरताना त्याने कठड्यावर बुक्की मारली, तिचा आवाज वर आला.

घड्याळवाल्यांनी खाली बघत मान डोलावली. त्यांनाही हे उत्तर आवडलं नव्हतं, पण त्यांना इमाम हवा होता. "ठीक. पुढच्या शुक्रवारी तुम्ही. आणि एक, वरची बायकांची खोली काही दिवस बंद ठेवू. लोक फार तापलेत. निवलं की बघू."

"ठेवा," थोरला म्हणाला. आतल्या दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे त्याने बघितलं नाही.

घड्याळवाले गेले. अब्बा खुर्चीचे हात धरून उठले. मुलाच्या अगदी जवळ जाऊन त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघू लागले, आणि क्षणभर अम्मीला वाटलं, आता विचारतील, तू कुणाचा? पण त्यांना सगळं आठवत होतं.

"विसरला असतास तर मला बरं वाटलं असतं," ते म्हणाले. "विसरणं माफ आहे."

ते आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. अम्मी थोड्या वेळाने त्यांच्यामागे गेली. जाताना लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, पण बोलली काहीच नाही. या घरात लेकीला आजवर जे काही मिळालं ते असंच, न बोलता मिळालं होतं. तिला त्याचा वीट आला.

*

ती स्वयंपाकघरात भांडी घासायला उभी राहिली. थोरला दारात आला. बायको खाली रिक्षा बघायला गेली होती.

"आपा."

ती थांबली नाही.

"रागावलीस?"

"नाही रे. मुबारकबाद द्यायला शब्द शोधतेय. मला शब्द पटकन सुचतात, आज बघ कसा अडला."

"पंधरा वर्षं वाट बघितली मी."

"आणि मी?"

"तुझी गोष्ट वेगळी आहे."

"हो. वेगळीच आहे."

तो आत आला, आवाज खाली आणला. "ते कागद. मला दीड वर्षापासून माहीत आहे. एकदा अब्बा मिंबरवर विसरले होते, मी उचलले. तुझं अक्षर मी ओळखणार नाही का? शाळेत माझे निबंध कोण लिहायचं?"

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. बायकोलाही नाही." तो घुटमळला. "आपा, मला वाचता येतं, शिकवता येतं. बोलता येत नाही. चार वाक्यांत माझं तोंड कोरडं पडतं. लोकांना आता त्या बोलण्याची सवय झालीय. मी पहिल्याच शुक्रवारी तोंडघशी पडलो तर बाहेरचा माणूस येईल, आणि मग आपल्या घरात काहीच उरणार नाही. तुझंही नाही."

तिने नळ बंद केला. त्याने म्हटलेलं खरं होतं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकावं लागलं याची तिला चीड आली. ज्या माणसाने बापाला चारशे माणसांत बुडताना बघितलं आणि हात पुढे केला नाही, तो आता हात पसरून तिच्यापुढे उभा होता.

"वरची खोली बंद केलीत. मला ऐकायलासुद्धा येणार नाही."

"ते मी बघतो. थोडे दिवस जाऊ देत."

चालता हो, असं तिला म्हणायचं होतं. तेवढेच दोन शब्द होते आणि ते तिच्या ओठांवर होते. पलीकडच्या खोलीत अब्बा काहीतरी विचारत होते, आणि अम्मी त्यांना तेच तेच सांगत होती, हो, आज शुक्रवार, झाली नमाज, झाली.

"विषय काय?" ती म्हणाली.

थोरल्याचा चेहरा उजळला. "आईबापाचे हक्क. पहिलाच शुक्रवार आहे, लोकांना आवडतो तो विषय."

तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. खालून बायकोने हाक मारली तसा तो "गुरुवारपर्यंत दे" म्हणून लगबगीने जिना उतरला.

तिने ओले हात कपड्याला पुसले. तिला त्याची किळस आली, अब्बांचा राग आला, आणि सगळ्यात जास्त संताप आला तो स्वतःचा. कारण पहिलं वाक्य तिला तो दारात उभा असतानाच सुचलं होतं, आणि ते चांगलं होतं.